खरातकाकांचा कोंडा

आमच्या बजाजनगरच्या गल्लीला सकाळी दोघं उठवायचे. एक कंपनीचा भोंगा आणि दुसरे खरातकाका. भोंगा नुसता वाजायचा, काका निकाल जाहीर करायचे. सव्वासहाला ते कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर कुत्र्याला घेऊन जात. त्याचं उरकलं की गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकत, चष्मा पुसून नीट निरखत आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "माल ओके!" कधी आवाज पडलेला असे, "रीवर्क." एकदा नुसतं "रिजेक्ट" म्हणाले, त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं पोहे खाल्ले नाहीत.

काका वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. उभी नोकरी वॉशर आणि बुश मोजण्यात गेली. काका रिटायर झाले, पण जाडी मोजायचा त्यांचा व्हर्नियर काही झाला नाही. लोकांच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला तो असायचा. "सोताच्या पैशानं घेतलेलाय, कंपनीचा नाय," हे ते कुणी न विचारता सांगत. चहाला आले की आधी बिस्किट मोजत. "यंदा पातळ केलं, ताई. लई चोर झालेत." एकदा माझी भाकरी चार ठिकाणी मोजून म्हणाले, "कडंला साडेतीन, मधी पाच. थापताना हात हलतोय तुमचा." माझ्या सासूबाईंनी अकरा वर्षं ती भाकरी तोंडातून ब्र न काढता खाल्ली होती. त्या दिवशी त्यांनी काकांना दुसऱ्यांदा चहा दिला.

कुत्र्याचं नाव सॅम्पल. कंपनीच्या गेटबाहेर खोक्यात सापडलेलं पिल्लू. आगापिछा नाही, एकच पीस, म्हणून सॅम्पल. काकू पुण्याला नातवाला सांभाळायला गेल्या होत्या. सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्याला तीन वर्षं होत आली होती. घरात हे दोघंच. सकाळी दोघं तेच बिस्किट दुधात बुडवून खात आणि रात्री तोच पाव.

त्या दिवाळीत मी दोन तास बसून दारात मोर काढला होता. सॅम्पल आला. मोराच्या तुऱ्यावर त्यानं बूड टेकवलं आणि पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत थेट पिसाऱ्यापर्यंत घसरत गेला. मागे असा वास सोडला, की सडलेली मासळी बरी. मी काय काय बोलले ते सणासुदीचं इथं लिहीत नाही. गल्लीनं लगेच निदान केलं. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं हळद लावा. काका म्हणाले, "अंदाजपंचे काय करायचं नाय. टेस्टिंगला नेतो."

जनावरांच्या दवाखान्यातून आल्यावर ते घरोघरी उभे राहून समजावत होते. दूधवालाही त्यातून सुटला नाही. "बुडाच्या दोन्ही अंगाला बारक्या पिशव्या असत्यात. घड्याळ धरा. एक चारला, एक आठला. माल घट्ट असला की जाताजाता त्यांना दाबतो, अन् त्या रिकाम्या होत्यात. माल पातळ, तर दाबच नाय. मग भरत्यात, ठणकत्यात. म्हणून घसरतंय ते बिचारं. प्रोसेस फॉल्टय, ताई. कुत्र्यात फॉल्ट नाय." प्रोसेस म्हणजे दूध, बिस्किट आणि पाव. ती कुणाची होती हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा घालून पिशव्या रिकाम्या केल्या तेव्हा सॅम्पल कळवळून ओरडला आणि काका बाहेर जाऊन बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले. हे मला नवऱ्यानं सांगितलं, तो सोबत गेला होता. बाईंनी खाणं बदलायला सांगितलं. उकडलेला लाल भोपळा, म्हणजे आमचं डांगर, थोडा गव्हाचा कोंडा आणि भरपूर पाणी. महिनाभरात फरक पडला तर ठीक, नाहीतर पिशव्या कापून काढाव्या लागतील. पण सॅम्पल दहा वर्षांचा. "भुलीतून उठंल का, इचारलं," काका म्हणाले. "म्हणल्या, खात्री देता येत नाय." एवढं सांगताना त्यांनी उगाचच व्हर्नियर उघडला आणि मिटला.

डांगर मंडईत मिळालं. कोंड्याची मात्र पंचाईत. पुड्यातल्या पिठात तो नसतोच. कोंडा होता आम्हा बायकांच्या चाळणीत. मग काका स्टीलचा डबा घेऊन गल्लीत फिरायला लागले. 'भुकेला कोंडा' ही म्हण मी जन्मभर ऐकली होती, पण कोंड्यासाठी बेल वाजवणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, फुकट घ्यायचं नाही. डबा भरला की हातावर काहीतरी ठेवायचे, दोन लिंबं नाहीतर कढीपत्त्याची काडी. "फुकट ते रिजेक्ट." मूठभर कोंड्यापायी माझ्या कुकरची शिट्टी आणि बाथरूमची कडी दुरुस्त झाली.

दुसरा नियम माझ्या जिवावर यायचा. काका यायचे ते पुढच्याच दारानं. आमचं स्वयंपाकघर मागं, मागच्या अंगणाला लागून बोळ. मी अंगणात पीठ चाळत बसलेली काकांना बोळातून दिसायची. दिसली तरी एक शब्द बोलायचे नाहीत. घरांच्या सगळ्या रांगेला वळसा घालून पुढं जायचे आणि बेल दाबायचे. मी पिठाच्या हातांनी घरभर चालत जाऊन कोपरानं कडी काढायची, तर समोर पायपुसण्यावर पांढरा शर्ट खोचून ताठ उभे. "जयभीम, ताई. कोंडा हाय का?" जणू आत्ताच मला चाळताना बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सॅम्पलला वाटीभर कोंडा चारला. दुसऱ्या सकाळी सॅम्पल कुंथत बसला, काका त्याच्याहून जास्त कुंथले. "डोस टॉलरन्सच्या भाईर गेला," असं त्यांनी कबूल केलं. मग एक चमचा कोंडा, तीन चमचे डांगर, वर पाणी. दोन दिवसांनी "रीवर्क." आठवड्यानं "ओके," पण दबकत. तिसऱ्या आठवड्यात रोज ओके, आणि आमच्या घरात पोहे संपायला लागले.

मग एका सकाळी माझं डोकं फिरलं. गॅस संपलेला, मुलीची शाळेची रिक्षा दारात भोंभों करतेय, अर्ध्या पोळ्या व्हायच्यात. काकांना बोळातून जाताना मी पाहिलं आणि पाठोपाठ बेल वाजली. मी आतूनच ओरडले, "काका, मागून या की! दार उघडंच आहे. कुत्र्याचा कोंडा तर न्यायचा, त्याला कशाला पुढची बेल?"

थोड्या वेळानं जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. पायपुसण्यावर दोन लिंबं ठेवलेली होती.

तीन दिवस काका आले नाहीत. दुसऱ्या कुणाकडंही गेले नाहीत, मी विचारून पाहिलं. बोलले होते मी एकटी, त्यांनी ते साऱ्या गल्लीचं समजून घेतलं असावं. सकाळी मी गच्चीतून बघायची. काका वाकायचे, निरखायचे आणि काही न बोलता घरी जायचे. गुरुवारी सॅम्पल पुन्हा नालीवरच्या फरशीवर घसरताना दिसला. शनिवारी डॉक्टरीणबाई ऑपरेशनचं ठरवणार होत्या. उद्या आपणच डबा घेऊन जावं, असं मी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पीठ चाळत होते. मागचं दार कुरकुरलं. बघते तर खरातकाका. दोन्ही हातांत डबा, मागे सॅम्पल. पायरीवर नाही, पायरीच्या खाली उभे होते. खिशाला व्हर्नियर नव्हता.

"आलो मागून," ते म्हणाले. "उद्या दवाखाना हाय, ताई. एवढा द्या."

मी म्हणाले, "काका, माझं चुकलं. मी अशीच वैतागले होते."

"तुमचं काय नाय, ताई. माझी आई पाचोडकडं एका मोठ्या घरच्या शेतात खुरपायला जायाची. सांजच्याला त्यांच्या मागच्या दाराला जायाचं. पायरीखाली उभं ऱ्हायचं, पदर धरायचा, ते वरून कोंडा टाकायचे. आमाला ज्वारीची भाकर अन् ती सोता कोंड्याची खायाची. मी तिच्या लुगड्याला धरून उभा असायचो. नोकरी लागली तवा ठरवलं, कुणाच्या घरी जाईन तर पुढून, बेल दाबून." मग त्यांनी सॅम्पलकडं पाहिलं. "पर ह्याला काय ठाऊक त्यातलं? ह्याची पिशवी भरती, ह्याला दुखतं. म्हणून आलो."

मी चाळणी खाली ठेवली. माझं माहेर गंगापूरकडचं. आजवर माहेर म्हटलं की मला हुरडा आठवायचा, ऊस आठवायचा, झोपाळा आठवायचा. त्या सकाळी मागचं दार आठवलं. चाळण उरली की आई मलाच द्यायला पाठवायची. मी असेन दहा वर्षांची. उंचावरून टाकायची, कारण तसंच टाकायचं असतं असं मला शिकवलं होतं. घ्यायला येणाऱ्या बायकांचे चेहरे मी किती आठवून पाहिले तरी आठवेनात. नुसते धरलेले पदर आठवतात. हे मी काकांना सांगितलं नाही. मला फार लाज वाटली.

"इथं नाही, काका," मी म्हणाले. "पुढून या."

घरातून चालत जाऊन मी पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. रांगेला वळसा घालून यायला काकांना वेळ लागला. ते पायपुसण्यावर आले, त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला. मी हातभर अंतरावर समोरच उभी होते. तरी त्यांनी हात लांबवून बेल दाबली.

"जयभीम, ताई. कोंडा हाय का?"

"जयभीम, काका. आहे. पण आधी आत या, चहा टाकते."

डबा भरून मी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. ते खिसे चाचपायला लागले, तर द्यायला काहीच आणलं नव्हतं. बिचारे ओशाळले. मी बिस्किट पुढं केलं. "मोजून द्या." व्हर्नियर नव्हता, तर त्यांनी ते दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेलं. "पातळच हाय," म्हणाले.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं. पिशव्या भरल्या होत्या, पण पहिल्यासारख्या नाही. खाण्यात खंड पाडू नका, म्हणाल्या, कापायची गरज नाही. मग गल्लीतल्या सहा घरांनी वार वाटून घेतले. पुढं एका सकाळी सव्वासहाला "माल ओके!" अशी आरोळी आली, की कंपनीचा भोंगा त्यापुढं काहीच नाही. सॅम्पल आणखी तीन वर्षं जगला आणि ऑपरेशनशिवाय, म्हातारपणानं गेला.

आता आम्ही सिडकोत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. इथं सकाळी कुणी काही जाहीर करत नाही, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पीठ चाळताना कोंडा अजून बाजूला काढला जातो, कुणासाठी ते विचारू नका. मध्यंतरी काका घर बघायला आले. पिशवीत लिंबं होती, खिशाला व्हर्नियर. फरशीच्या सांधी मोजल्या, दाराच्या चौकटी मोजल्या, एक खिडकी रीवर्कला काढली. मग स्वयंपाकघरात गेले, तिथून बाल्कनीत, पुन्हा आत आले. काहीतरी शोधत होते.

"ह्याला मागचं दार कुठंय?"

"नाही काका. फ्लॅटला एकच दार असतं."

"एकच व्हय?"

"एकच."

त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडं पाहिलं आणि व्हर्नियर मिटून खिशाला लावला.

"माल ओके," ते म्हणाले. शेजारच्या घरात ऐकू जाणार नाही, एवढ्या हळू.