गोड माणसांच्या मागावर गायधनी बाई

गायधनी बाईंनी वाचून परत केलेल्या कादंबरीत पेन्सिलीच्या नोंदी असतात. शब्दांचे अर्थ नव्हेत, 'वा!' वगैरेही नाही. पोलीस पाटलाने ठेवाव्यात तशा नोंदी. 'पान १९. इसम दाखल. नातं सांगत नाही.' 'पान २७. म्हणतो, तू इतर मुलींसारखी नाहीस. लक्ष ठेवणे.' 'पान ४०. मैत्रिणींपासून तोडायला सुरुवात.' आणि पान बावन्नवर, दोनदा अधोरेखित करून, 'अगं बाई, पळ!'

आमच्या भागातल्या वाचनालयाने त्यांना दोनदा समज दिली. रहस्यकथेतला खुनी त्या अकराव्या पानावरच लिहून ठेवतात, मग पुढच्या सभासदाने वाचायचं काय? पण झालं भलतंच. सभासद काउंटरवर येऊन हळूच विचारू लागले, "गायधनी बाईंनी वाचलेली प्रत आहे का?" ग्रंथपालांनी हात टेकले. आता त्या प्रतींना वेगळा कप्पा आहे.

बाई नाशिकला पंचवटीत, पेठ रोडला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एकट्याच. वय सत्तरीला टेकलेलं, उंची पाच फुटांच्या आत, पाचवारी साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. एकतीस वर्षं त्या मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या. गेटवर येणाऱ्या प्रत्येक मामेभावाला, मानलेल्या भावाला आणि 'घरून डबा आणलाय' म्हणणाऱ्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नातं काय?" निवृत्तीनंतर गेट सुटलं, प्रश्न सुटला नाही. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई एकदा नवऱ्याला बरोबर घेऊन आली, तर त्यालाही आधी नातं सांगावं लागलं, मगच मेथीची जुडी हलली.

बसून वाचणं त्यांना जमत नाही. त्या पार्किंगमध्ये चालत वाचतात. पुस्तक नाकासमोर, पेन्सिल अंबाड्यात. कथानक शांत असेल तर संथ चालतात. गोडबोल्या माणूस आला की वेग वाढतो. वरच्या गॅलऱ्यांमधून बायका नुसती चाल बघून सांगतात, "आला वाटतं तो मेला." एकदा दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी स्कूटर काढत होते. बाई नेमक्या चाकासमोर. त्यांनी हॉर्न वाजवला, परत वाजवला. बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, "थांबा हो! तो तिचा हात बघायला मागतोय. म्हणे भविष्य सांगतो!" कुलकर्णी थांबले. एवढंच नाही, गाडी बंद करून त्यांनी विचारलं, "दिला का तिने?"

पाण्याचे फिल्टर विकणारा एक तरुण त्यांच्या दाराशी आला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे बघून माझ्या आईची आठवण आली."

"आईला शेवटचा फोन कधी केलास?"

तो गडबडला.

"लाव. माझ्यासमोर लाव. स्पीकरवर."

निफाडकडच्या कुठल्याशा गावातून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे, लय दिवसांनी! बरा हायेस ना?" ती माऊली मग पंधरा मिनिटं बोलत होती. फिल्टर काही खपला नाही. पोरगं चहा पिऊन, डोळे पुसून गेलं. बाई मला म्हणाल्या, "हा नाही. हा नुसता सेल्समन आहे. यांच्यात तो नसतो."

'तो' म्हणजे कोण, हे मला पुढे कळलं.

मी लेखक आहे. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आहेत. तिसरी लिहीत होतो. एक विधवा आई, तिची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि त्यांच्या घरात शिरून मुलीला जाळ्यात ओढणारा विक्रांत. घारे डोळे, ओठांच्या कोपऱ्यात छद्मी हसू, पांढरी गाडी. मला तो फार जमून आलाय असं वाटत होतं. हस्तलिखित मी मोठ्या उत्साहाने बाईंना दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खालून हाक आली. "अहो लेखक! खाली या. बूट घालून या."

मी त्यांच्याबरोबर फेऱ्या मारू लागलो. माझं हस्तलिखित त्यांनी गुंडाळी करून हातात धरलं होतं, लाटण्यासारखं.

"हा तुमचा विक्रांत पहिल्याच पानावर सिगारेट पेटवून छद्मी हसतो. असा माणूस माझ्या गेटवर आला असता तर वॉचमननेच हाकलला असता. माझ्यापर्यंत येतोय कशाला?"

"वाचकाला कळायला नको का, की हा वाईट आहे म्हणून?"

"त्या मुलीला कळत नाही, तिच्या आईला कळत नाही, मग वाचकाला का म्हणून आयतं कळावं? फसू दे त्यालाही."

मी विक्रांतची सिगारेट सोडवली. डोळे काळे केले. गाडी विकून टाकली. बाईंचं समाधान होईना. रोज सकाळी मला बूट घालून खाली जावं लागे. बायको म्हणाली, "कादंबरी होवो न होवो, पोट कमी होतंय." पण मला खरोखर बेचैन व्हायला लागलं होतं, कारण बाई जे सांगत होत्या ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं.

"खरा लबाड घाईत नसतो, लेखक. घाई चांगल्या माणसाला असते. त्याला घरी जायचं असतं."

"तो मुलीकडे बघतही नाही. तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो."

"आधी काही मागत नाही. देतो. लोणच्याची बरणी देतो. पाण्याची मोटर दुरुस्त करून देतो, आणि पैसे देऊ केले तर दुखावतो."

"तुम्ही थकलेल्या असता. दिवसभर लोक तुमच्याकडे तक्रारी घेऊन येतात. हा एकटाच येतो आणि म्हणतो, 'आक्का, तुम्ही जेवलात का?'"

मी टिपून घेत होतो. माझा विक्रांत आता इतका सज्जन झाला होता की मला स्वतःलाच त्याची भीती वाटायला लागली. चौथा खर्डा झाला तेव्हा एक गोष्ट खटकली. मी चालता चालता विचारलं, "बाई, तुम्ही सगळं आईचंच सांगताय. तो मुलीला कधी पटवतो?"

बाई थांबल्या. इतक्या अचानक, की मी दोन पावलं पुढे गेलो.

"मुलगी पटलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये चालत, मध्ये मध्ये नुसत्याच उभ्या राहून. पंचवीस वर्षं होऊन गेली होती. होस्टेलमध्ये सटाण्याकडची एक मुलगी होती, रंजना. कॉलेजचं पहिलं वर्ष, घरची शेती. तिच्या गावचा म्हणून एक माणूस येऊ लागला. तीन महिने येत राहिला. रंजनाला कधी एकटं भेटायला मागितलं नाही. ऑफिसात बसायचा, बाईंशी बोलायचा. मोटर त्यानेच दुरुस्त केली. बाईंच्या गुडघ्यांसाठी तेल त्यानेच आणलं. 'नातं काय' हे बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, नंतर विचारायचं राहून गेलं.

एका दुपारी तो धापा टाकत आला. रंजनाच्या वडिलांना अपघात झालाय, मालेगावच्या दवाखान्यात ठेवलंय, मी हिला घेऊन जातो.

"रंजना म्हणाली, 'बाई, मला यांच्याबरोबर नाही जायचं. मी एसटीने जाते.' आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, 'वेडी आहेस का? एवढा भला माणूस आहे. बाप तिकडे दवाखान्यात, आणि तुला नखरे सुचतात.' पिशवी मी तिच्या हातात दिली. मी."

वडिलांना काही झालेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रंजना त्याच्या हातून सुटून मनमाड स्टेशनवर पोचली आणि तिथून तिने गावात फोन केला. होस्टेलला नाही केला. बाई पोलिसांत गेल्या, तक्रार दिली. वडिलांनी हात जोडले, गावात नाव निघायला नको म्हणाले. तक्रार तिथेच मिटली आणि मुलीचं कॉलेजही.

"आणि तो?" मी विचारलं.

"माहीत नाही. असाच कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करत असेल." बाईंनी हस्तलिखित माझ्या हातात दिलं. "तुम्ही त्या आईला फार बिचारी केलीय, लेखक. साधी, भोळी, फसलेली. तिला सूट देऊ नका. मुलगी नाही म्हणाली होती, आणि तिने ऐकलं नाही. ते लिहा."

मी लिहिलं. आईच्या जागी रेक्टर आली. दहा पानांचं प्रकरण, आणि ते लिहिताना माझा हात चार वेळा अडला, कारण बाईंना सूट द्यावी असंच मला वाटत होतं. पानं मी त्यांच्या दाराच्या कडीला पिशवीत लावून आलो. दोन दिवस त्या पार्किंगमध्ये दिसल्या नाहीत. बायका गॅलरीतून एकमेकींना विचारू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या होत्या.

"सटाण्याला जायचंय. तुम्ही चला. मला पत्ता माहितीये. यापूर्वी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा स्टँडवरूनच परत फिरले."

आम्ही बस पकडली. बाई वाटेत सतत पुटपुटत होत्या. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. पिंपळगाव गेल्यावर त्या एकदा उठून दाराशी जाऊन आल्या. कंडक्टरने विचारलं, "मावशी, उतरायचंय का?" त्या म्हणाल्या, "विचार करतेय."

रंजनाची गावाबाहेर भाजीच्या रोपांची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये टोमॅटोची, मिरचीची रोपं. कामावरची एक म्हातारी आम्हाला बघून आत ओरडली, "कोण शे, बघ वं!" जाळी बाजूला करून एक चाळिशी ओलांडलेली बाई बाहेर आली. हात मातीने भरलेले. तिने गायधनी बाईंकडे पाहिलं आणि ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बाई?"

वाटभर केलेली तयारी बाई विसरल्या. "रंजना, तू नाही म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

रंजना ट्रेकडे वळली. बोटाने एकेका कप्प्यात माती दाबत म्हणाली, "हो. तीनदा म्हणाले होते."

"मला एकदाच आठवतं."

"तीनदा. ऑफिसात एकदा, जिन्यात एकदा, गेटवर एकदा."

"तीनदा," बाई म्हणाल्या.

मी मिरचीची रोपं बघत उभा राहिलो. मग रंजना म्हणाली, "त्याच्यापेक्षा तुमचा राग जास्त यायचा मला. तो होताच तसला. तुम्ही नव्हता." तिने हात धुतले. "आता लय नाय राहिला. थोडा हाय अजून. बसा, चहा ठेवते."

चहा झाला. नवरा चांगला आहे, नर्सरी दोघांची आहे, थोरली मुलगी बारावीला आहे, असं कळत गेलं. निघताना रंजना आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. तिच्या मनात काहीतरी चाललं होतं. शेवटी म्हणाली, "पोरगी जूनमध्ये नाशिकला येतीये, नर्सिंगला. होस्टेल ठरलंय. तिथल्या बाई कशा हायेत, ते जरा बघून सांगाल का? मला नाय कळणार. तुम्हाला कळंल."

बाईंनी नुसती मान हलवली. परतीच्या बसमध्ये देवळा गाव मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तीनदा म्हणाली होती, लेखक. तुम्ही एकदाच लिहिलंय." मी म्हटलं, दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी बाई त्या होस्टेलवर गेल्या. दुपारपर्यंत तिथल्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होत्या, कोणी विचारलं तर 'कोणीतरी यायचंय' म्हणत. संध्याकाळी मी गॅलरीत उभा असताना खाली त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला.

"रंजना, बघून आले. बाई बऱ्या वाटल्या. एक मुलगी काहीतरी सांगायला आली तर मोबाइल उलटा ठेवून तिच्याकडे बघत होत्या. पण एकदा बघून कळत नाही. मी आणखी जाईन, चार-पाच वेळा."

पलीकडून रंजना काहीतरी बोलली. छोटंसं असावं. मग बाई कठड्याला टेकल्या आणि फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला.

"नाही गं, घाई नाही मला," त्या म्हणाल्या. "तू सांग. सगळं सांग. ऐकतेय मी."