पडताळणी विभागातून निसटलेली खरी बातमी

आधीच ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी जीभ झडो. आणि माझी जीभ झडली तर किती घरांत शांतता नांदेल याचा विचार करा, म्हणजे मी केवढी मोठी शपथ घेतलीय ते कळेल.

तर, माणसाला दोन भुका असतात. एक पोटाची, ती भागते. दुसरी, शेजारच्या घरात भांडं कशावरून आपटलं याची, ती मरेपर्यंत भागत नाही. पहिलीवर शेती चालते, दुसरीवर बातम्यांच्या वेबसाइटी चालतात. अशाच एका थोर वेबसाइटीच्या पडताळणी विभागात एक बाई कामाला होती. तिला सगळे पडताळणीबाईच म्हणायचे. चिडली की सासूसुद्धा म्हणायची.

ऑफिस टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली रबराचा वास, वर बातम्यांचा. जास्त वेळ बसलं की फरक कळेनासा होतो. पण कामाची वाटणी अशी चोख, की भल्याभल्यांनी येऊन शिकावं. मथळा विभागातली मंडळी आधी मथळा लिहीत आणि मग त्याखाली बसेल अशी घटना शोधत. (पूर्वी हे उलट करायचे म्हणे. त्यात वेळ फार जायचा, आणि घटना बऱ्याचदा मथळ्याच्या मापाची निघायचीच नाही.) त्यांच्या पलीकडे बाण विभाग. त्यात एकच माणूस, बाणवाला. कुठल्याही फोटोत जिथे काहीही नाही अशी जागा हेरायची, तिथे लाल गोल काढायचा आणि त्याच्यावर लाल बाण रोखायचा, एवढंच त्याचं काम. पण हात असा बसलेला, की एकदा त्याने रिकाम्या भिंतीवर बाण काढला तर अकरा लाख लोक त्या भिंतीकडे बघत बसले. त्यातल्या चार हजारांना काहीतरी दिसलंसुद्धा, आणि दोघांनी तर ओळखलं.

वार्ताहर पूर्वी होता एक. पण त्याला बाहेर जायची खोड. जायचा, धापा टाकत परत यायचा आणि येऊन सांगायचा, "तिथे काही झालंच नाही हो." असा माणूस कुठली संस्था पोसणार? त्याच्या खुर्चीवर आता बाणवाला पाय ठेवतो.

राहिला पडताळणी विभाग. तुम्ही म्हणाल, अशा ठिकाणी पडताळणीचं काय काम? तिथेच चुकता तुम्ही. सगळ्यात कडक विभाग तोच. पहिल्याच दिवशी संपादकसाहेबांनी बाईला बसवून समजावलं होतं, "हे बघा बाई, खरी बातमी सगळ्यांकडे असते. का? तर ती घडलेली असते. सगळ्यांकडे असते ती शिळी. फक्त आपल्याकडे असते ती ताजी. आणि जी फक्त आपल्याकडे आहे, ती घडलेली कशी असेल?"

बाईने उलटसुलट विचार करून पाहिला. कुठे फट सापडेना.

तेव्हापासून ती प्रत्येक बातमी तपासायची आणि खरी निघाली की काढून टाकायची. काम जोखमीचं. खोटं लांबूनही ओळखू येतं, खरं मात्र कुठेही लपून बसतं. एकदा 'धनी वारल्यावर कुत्रा रोज बँकेच्या दारात बसतो' अशी बातमी आली. बाईने बँकेत फोन केला. कुत्रा खरंच बसत होता. बातमी परत पाठवली. दुरुस्त होऊन आली तेव्हा कुत्र्याने खातं उघडलं होतं आणि वारस म्हणून शिपायाचं नाव लावलं होतं. तेव्हा कुठे शिक्का बसला. तिच्या हातून आजवर एकही खरी बातमी निसटली नव्हती, आणि साहेब पाहुण्यांना तिची ओळख करून देताना उभे राहायचे.

तर ही बाई एके सकाळी नदीवरच्या पुलावरून चालत ऑफिसला निघाली होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकली, आणि कठड्याच्या बुडाशी तिला तडा दिसला. सवयीने तिने आधी आजूबाजूला बघितलं, लाल बाण कुठे आहे का. नव्हता. म्हणजे खराच! तिने बोट घातलं, आत गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. तेवढ्यात वरून ट्रक गेला, तसा तडा जांभई दिल्यासारखा उघडला आणि मिटला.

बाईने झटकन बोटं बाहेर काढली. तिची लेक रोज शाळेच्या व्हॅनमधून ह्याच पुलावरून जायची.

तिने तिथूनच पूल खात्याला फोन लावला.

"साहेब, पुलाला तडा गेलाय."

"कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही, बघितलं."

"बघितलेलं आम्ही धरत नाही हो. बातमीत आलं की सांगा."

बाई तडक संपादकांपुढे उभी राहिली. "साहेब, एवढी एक बातमी लावा."

"खरी आहे?"

बाईने मान खाली घातली. "हो."

"तुम्ही? तुम्ही आणलीत, बाई?" साहेबांना इतकं लागलं की त्यांनी पाणी मागवलं. शेवटी जुनं माणूस म्हणून त्यांनी पानाच्या तळाशी, 'कुंडीतल्या मातीचे चमत्कार' ह्याच्याही खाली, एक ओळ लावू दिली: 'पुलाला तडा, जाऊ नका.' दिवसभरात ती तीनदा उघडली गेली. एकदा बाईने उघडली. दुसऱ्यांदाही बाईनेच, पहिल्यांदा नीट उघडली का ते बघायला. तिसऱ्यांदा पूल खात्याने. खात्याचा उलट फोनही आला, "बघितली बातमी. पण खाली एकही प्रतिक्रिया नाही हो. लोकांना त्रास असता तर लोक बोलले असते."

घरी जेवताना तिने विषय काढला. नवरा म्हणाला, "तूच सांगतेस ना, तुमच्याकडे खरं काही लागत नाही? मग तडा कसा खरा असेल?"

"अहो, मी स्वतः बोटं घातलीत त्यात!"

"पण नसत्या ठिकाणी बोटं घालायला तुला सांगितलं कुणी?"

सासूबाई फोनमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तडाबिडा काही नाही. असता तर मला आला असता. मला सगळं येतं. पालथं झोपणाऱ्याचे कान लांबतात, तेसुद्धा अख्ख्या इमारतीत आधी मला आलं." (तेव्हापासून त्या भिंतीला टेकून बसूनच झोपत.)

दुसऱ्या दिवशी तिने व्हॅनवाल्याला गाठलं. "दादा, लांबच्या पुलावरून न्या ना."

"पाऊण तास जास्त लागतो ताई. आणि बस जाते, ट्रक जातो, माझीच व्हॅन काय पुलाला जड झाली?"

लेकीला खाली उतरवून घेणं सोपं होतं. तिने हात धरलाही. पण व्हॅनमध्ये आणखी दहाबारा पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि आपली तेवढी उतरवून बाकीच्यांना टाटा करायला तिचा हात वर होईना.

ती ऑफिसात आली, जागेवर बसली. आजवर शिक्का मारून सोडलेल्या सगळ्या थापा तिच्यापुढे रांगेने उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, आम्ही मेलो का? बाईने बोटं मोडली आणि लिहिलं: 'या पुलावर पाऊल ठेवताच फोनमधले सगळे फोटो आणि निरोप आपोआप नातेवाइकांना जातात! शास्त्रज्ञही हादरले.'

मग नियमाप्रमाणे स्वतःच पडताळणी केली. पूर्ण खोटं. शिक्का मारला. साहेबांनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "परत आलात, बाई!" तिने पुलाचा फोटो दिला होता, त्यात तडा ढळढळीत दिसत होता. पण बाणवाला आपल्या कामाला जागला. त्याने काहीही नाही अशी जागा शोधली, आणि तड्यापासून हातभर लांब गोल काढला. लाखो लोकांनी तो गोल मोठा करकरून पाहिला. तडा एकालाही दिसला नाही.

दुपारपर्यंत पूल ओस पडला. नवऱ्याचा फोन आला, "मला उशीर होईल गं, लांबून येतोय."

"का हो?"

"काही नाही, सहज. हवा बरी आहे आज."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या फोनात मेलं काय असणार? पण उगीच विषाची परीक्षा कशाला." आणि व्हॅनवाला आपण होऊन सांगत आला, "ताई, आजपासून लांबूनच नेणार. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे." पूल खात्याने तर ताबडतोब दोन्ही टोकांना पाट्या ठोकल्या, 'फोन बंद ठेवा'. ठोकणारा माणूस आपला फोन घरी, कपाटात, कुलपात ठेवून आला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिसऱ्या दिवशी घात झाला. दीडशे बायका नवऱ्यांचे फोन पर्समध्ये घालून पुलावर आल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारायला लागल्या. पूल करकरायला लागला. बाई धावतच गेली.

"अहो, उतरा खाली! तडा आहे इथे!"

"तडा आमच्याकडे पण आहे गं," एक जण म्हणाली, "किती मोठा ते बघायलाच आलोय."

"खरंच पडेल हो पूल!"

"पडू दे. आधी ह्याचे फोटो येऊ देत."

तेव्हा बाईने तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि दुसरी बातमी टाकली: 'सावधान! फोन कुणाचाही असो, आधी नेणाऱ्याच्याच फोनमधलं सगळं जातं, सासरी आणि माहेरी दोन्हीकडे.' दीडशे फोन एकदम वाजले. बायका आल्या त्याच्या दुप्पट वेगाने उतरल्या. एकीची चप्पल राहिली, ती न्यायलाही कुणी वर गेलं नाही.

आणि ऐन चहाच्या वेळेला पूल पडला.

वर चिटपाखरू नव्हतं. एक कावळा होता, तो उडाला. साहेबांनी बाईला आत बोलावलं.

"बाई, पूल पडला."

"हो साहेब."

"आपली बातमी पुलाची होती."

"हो."

"म्हणजे तिच्यात काहीतरी खरं होतं."

चौकशी बसली, आणि तिने राजीनामा लिहून दिला. वाचकही खवळले. एकाने लिहिलं, 'पूल पडणार होता तर सरळ सांगायला काय झालं होतं?' दुसरा म्हणाला, 'फोटो जातच नव्हते म्हणे. आम्ही उगाच लांबून गेलो.' बाईने दोन्ही वाचलं, पर्स उचलली, आणि लेकीला उतरवून घ्यायला घराजवळच्या व्हॅनच्या थांब्याशी जाऊन उभी राहिली. व्हॅन लांबून आली. सगळी पोरं आत होती.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करायला हवं. पूल पडला, ते मी पदरचं घातलं. आणि एक खोटं जन्माला घातलं की त्याला पोरं होतात, तशी ती चौकशी आणि तो राजीनामा मागून आला. पण पूल पडला म्हटल्यावर तुम्ही जरा सरसावून बसलात की नाही, खरं सांगा?

पूल उभा आहे. फोटोंची बातमी आठवड्याभरात शिळी झाली. तिच्या जागी डाव्या हाताने भांडी घासण्याचे तोटे आले, आणि लोक निर्धास्तपणे परत पुलावर आले. (व्हॅन तेवढी अजून लांबून जाते. व्हॅनवाल्याच्या फोनात काय आहे कोण जाणे.) बाई तिथेच शिक्के मारतेय आणि रोज सकाळी नवी थाप शोधतेय. तिची ती साधी ओळ अजून पानाच्या तळाशी आहे. तड्यात आता मूठ जाते.

आणि तुम्ही? काल संध्याकाळी घरी आलात ते त्याच पुलावरून. मान खालीच होती तुमची, तडा अगदी पायाशी होता. पण मध्ये फोन होता.