बारदान्याचं वजन

श्रावणकाका दुकानात बॅग पाहत नाहीत, बॅगेवर बसतात. नुसते टेकत नाहीत. धोतर आवरून, दोन्ही पाय उचलून, डोळे मिटून बसतात आणि खालून कुरकुर येते का ते ऐकतात. भंडाऱ्यातल्या एका दुकानदारानं "काका, सोफे समोरच्या दुकानात मिळतात" असं सांगितलं, तेव्हा मी बॅगांच्या ढिगामागं तोंड लपवलं.

तुम्ही म्हणाल, तू तिथं काय करत होतास? तर लाखनीत माझं घर काकांच्या घराला लागून आहे, आणि माझ्याकडं चारचाकी आहे. या दोन पापांची फेड मी दिवाळीपासून करून राहिलो होतो.

काका धानाचे मापाडी. सारा जन्म काट्यापुढं गेला. मुलगी रंजू लग्न होऊन अमेरिकेत गेलेली, तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं आणि काकू सहा महिन्यांसाठी विमानानं एकट्या जाणार होत्या. काकांनी मागं घर आणि म्हैस सांभाळायची. तिकीट आलं होतं, सगळं ठरलं होतं. फक्त एक बॅग घ्यायची होती, आणि तिथंच माझी साडेसाती सुरू झाली.

कापडी बॅग दाखवली, तर काका म्हणाले, "याले तं उंदीर एका रातीत फस्त करन."

"काका, विमानात उंदीर नसतात हो!"

"तुले काय माहीत? तू बसला हायस कवा?"

नव्हतो बसलो. दुकानदाराला पुढची बॅग काढायला लावली.

चार चाकांची दाखवली. काकांनी तिला बोटानं ढकललं, तर ती दुकानाच्या उतारावरून थेट हायवेवर. ट्रकवाल्याच्या शिव्या खाऊन मी तिला धरून आणली. "पाह्य!" काका खुशीत म्हणाले, "हे माह्या बायकोले सोडून एकटीच अमेरिका हिंडन." नंबरच्या कुलपाची दाखवली, तर, "नंबर भुलली मंग? तिकडं कुलूप तोडणारा कुठं भेटन तिले?"

हलक्या प्लास्टिकची दाखवली. बॅग पक्की आहे हे पटवायला दुकानदार बिचारा स्वतः तिच्यावर उभा राहून नाचला. काकांनी मान हलवली. "जिल्हा फुटला तवापासून काहीच जाड येत नाई. पोत्याचा बारदानाबी पातळ झाला." आता गोंदिया वेगळा झाला त्यात बॅगेचा काय दोष? पण दगडावर डोकं आपटून फुटतं ते डोकंच. जायचा दिवस जवळ येत चालला, आणि मला खरंच वाटायला लागलं की काकू गठुडं डोक्यावर घेऊनच विमानात चढणार.

शेवटी नागपुरात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर ते धूड सापडलं. लोखंडी पट्ट्या, जाडजूड कवच, दोन दणकट कुलपं. रिकामं उचलतानाच माझ्या कमरेत चमक भरली. काका त्यावर बसले, डोळे मिटले. आवाज नाही.

"हेच घेऊ."

"काका, अहो वजन! विमानवाले मोजून नेऊ देतात. अर्धं वजन या पेटीचंच होईल."

काकांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "काट्यावर पोतं ठेवलं तं बारदान्याचं वजन कापतेत का नाई? माल तेवढा धरतेत. बारदाना कोण मोजते बे?"

पोत्याचा न्याय विमानाला लागत नाही, हे मी परतीच्या वाटेवर लाखनी येईपर्यंत सांगत होतो. काका एकच धरून बसले, "कापतेत." मी हात टेकले.

काकू गेल्या त्या दिवशी आम्हाला नागपूरच्या विमानतळाच्या आत सोडलं नाही. काचेतून दिसत होतं. काकूंची बॅग काट्यावर चढली. तिथल्या पोरीनं मान हलवली आणि दाराकडं बोट दाखवलं. काकू बॅग ओढत परत यायला लागल्या.

"पाह्य, पाह्य! वापस येऊन राहिली!" काकांनी माझा दंड इतका दाबला की मी ओरडलो. म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता, की मला काही कळेना.

काकूंनी दारातच बॅग उघडली. चिन्नोर तांदळाची पिशवी काढली, लाखोळीची डाळ काढली, सगळं काकांच्या हातात दिलं. काका दारावरच्या शिपायाला म्हणाले, "साहेब, बारदाना कापा ना." तो हसला. काकू म्हणाल्या, "पोरीसाठी नेत होती. आता तुमीच रांधून खाजा. उपाशी झोपू नका." आणि आत गेल्या. पुन्हा वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेल्या नसत्या.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. "सांगितलं होतं ना? हजारदा सांगितलं होतं! मोजतात म्हणून!"

"मले माहीत होतं," काका म्हणाले. "रंजूनं फोनवर सांगतलं होतं, बॅगीसकट मोजतेत."

"मग कायले घेतली हो ती लोखंडी धोंड?"

काका पिशवीची गाठ चाचपत राहिले. "धान ओला निघाला तं खरेदी सेंटरवाले आख्खी गाडी वापस करतेत ना. मले वाटलं, वजन जास्त भरलं तं माणूसबी वापस करत असतीन."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी गाडी सुरू केली. भंडारा मागं पडला. तेव्हा काकांनी विचारलं, "एका माणसाचा भात मांडाचा तं तांदूळ किती घेतेत रे?"