टेकडीकडील वावर बंद

मी लिहिलेल्या बातमीचे दोन अर्थ निघत नाहीत! सव्वीस वर्षं मी खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीहून जिल्ह्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतोय. पाणीटंचाईपासून पंगतीतल्या विषबाधेपर्यंत सगळं लिहून झालं, पण 'याचा अर्थ काय हो?' असं विचारायला एकही वाचक कधी माझ्या दारात आला नव्हता. त्याआधी दोन वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्राच्या टेबलावर काढल्याचा हा परिणाम. तिथले उपसंपादक वाक्यातला जादा शब्द असा उचलत, जसा सोनार चिमट्यानं खडा उचलतो. मीही तसाच झालो. 'भाजी थोडी वाढू का?' असं बायकोनं विचारलं तरी मी म्हणतो, 'थोडी म्हणजे किती?'

तर, दोन हजार वीसचा एप्रिल. लॉकडाऊन. खामगाव रस्ता इतका सुना की एक मुंगूस भर सकाळी नऊ वाजता रस्त्याच्या मधोमध बसून अंग चाटत होतं. मी त्याची वेळ टिपून घेतली. आयुष्यात प्रथमच गावात टाचणी पडली तर आवाज यावा अशी शांतता होती, आणि त्या शांततेत आमच्या घरी भांडण चालू होतं.

माझी पत्नी सुलभा शाळेत मराठी शिकवते. ती आणि तिच्यासारखे शाळेतले, बँकेतले, पोस्टातले मिळून अकरा जण रोज पहाटे गावामागच्या टेकडीवर फिरायला जायचे. लॉकडाऊन लागलं तरी जायचे.

"संचारबंदी आहे!" मी म्हणालो.

"टेकडीवर मी कोणाले कोरोना देऊन राह्यली? निंबाले?"

"आदेश म्हणजे आदेश."

"अहो, काल टेकडीवरून सातपुडा दिसला!"

"अशक्य! तो पार पूर्णेच्या पलीकडे आहे. सव्वीस वर्षांत कधी दिसला नाही."

"सव्वीस वर्षांत तुमी टेकडीवर गेले तरी का?"

हे तथ्य होतं. तथ्याशी मी वाद घालत नाही.

त्याच दिवशी गावातला शेतकरी कारभारी आला. टेकडीच्या पायथ्याशी त्याची जमीन, आणि टेकडीवर जाणारी पायवाट नेमकी तिच्या बांधावरून. यंदा त्यानं कांद्याचं बी धरलं होतं. ज्यांनी ते पीक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला कंबरेएवढा दांडा येतो आणि दांड्याच्या टोकाला क्रिकेटच्या चेंडूएवढा गोंडा. गोंड्यात काळं बी. पिकलेला गोंडा तापट पाहुण्यासारखा असतो, जरा धक्का लागला की संपलं!

"भाऊ, हे फिरणारे लोकं मले पागल करतीन," कारभारी सहा फुटांवरून ओरडला. "गोंड्याईसंग फोटो काढतात! दुपट्टे लागतात, बी खाली पडते. मी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, तर त्या सोडून बाजूनं पिकातून जातात. वरून रोग आणतीन ते वेगळंच!"

"कोरोनासाठी नेमलेल्या ग्रामसमितीनं काय ठरवलं?"

"आजच ठरलं. टेकडीकडं फिरणं बंद. पण समितीले कोण भेते? पेपराले भेतात. छापून आना!"

एकीकडे पत्नी, दुसरीकडे पत्रकारिता. मी चहाचा कप संपेपर्यंत विचार केला आणि पत्रकारितेच्या बाजूनं उभा राहिलो. बातमी लिहिली: 'येथील टेकडीकडील विनाकारण वावर ग्रामसमितीने आजपासून बंद केला आहे. उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई होईल.' शीर्षक दिलं: 'टेकडीकडील वावर बंद'. तीन शब्द! एकही जादा नाही. पुण्याचे ते उपसंपादक असते तर त्यांनी चिमटा बाजूला ठेवून मला मिठी मारली असती.

लॉकडाऊनमध्ये पेपरची पानं निम्मी झाली होती. टेबलानं, म्हणजे तिथल्या उपसंपादकांनी, पहिलं वाक्य कापलं. छापून आलं ते एवढंच: 'टेकडीकडील वावर बंद. उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई होईल.'

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. बाहेर कारभाऱ्याची बायको पुष्पाबाई, हातात पेपर.

"भाऊ, आमचं वावर काऊन बंद केलं?"

"वहिनी, तुमचं नाही. लोकांचा वावर बंद केला."

"लोकाईचंबी? मंग सगळ्या गावाचंच का?"

"तसं नाही हो! वावर म्हणजे..."

आणि मी तिथंच थांबलो. वावर म्हणजे! माझे वडील मरेपर्यंत रोज सकाळी वावरात गेले. माझी शाळेची फी वावरानं भरली. आमच्याकडं शेताला शेत कोण म्हणतं? वावर म्हणतात! आणि कारभाऱ्याच्या त्या जमिनीचं गावातलं नाव तर 'टेकडीकडचं वावर' असंच आहे, तीस वर्षांपासून! पुण्याच्या चिमट्यानं माझ्या डोक्यातून नेमका तेवढाच शब्द उचलून नेला होता. मी चौकटीला धरून उभा राहिलो. तीन शब्दांनी एक अख्खं शेत बंद केलं! अशी ताकद माझ्या लेखणीत असेल असं मला सव्वीस वर्षांत वाटलं नव्हतं. एका क्षणापुरतं, कबूल करतो, मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"वहिनी, तो वावर पुल्लिंगी आहे," मी म्हणालो. "वावर बंद केला. तुमचं वावर नपुंसकलिंगी. बंद केलं. टेबलानं नेमकं क्रियापदच कापलं!"

पुष्पाबाईंनी मला ताप आहे का असं पाहिलं.

"भाऊ, गोंडे पिकून उभे हायेत. आज-उद्यात कापले नाही अन् वाऱ्याचं एक वावधन सुटलं, तर वर्षभराचं बी मातीत जाईन. बाया आल्या होत्या कापाले, पेपर आयकून अर्ध्या रस्त्यातून परतल्या."

"आणि कारभारी?"

"ते काट्याईपाशी बसले. आपणच बंद कराले लावलं, आता आपणच कसं जाव, म्हणते."

मी चपला घातल्या आणि थेट गीताबाईच्या घरी गेलो. बारा बायांची टोळी तिच्या हाताखाली; ती निघाली की गावातली कापणी निघते. मी दारातूनच समजावलं.

"गीताबाई, बातमीतलं वावर म्हणजे फिरणं."

"फिरणं?" ती म्हणाली. "मंग मी वीस वर्षं वावरात जाऊन राह्यली, ते काय फिराले?"

"तसं नाही. शेतीकामाला सूट आहे, मी सांगतो ना!"

"तुमी कोण सांगणारे? पेपरात आलं ना!"

"पेपरात मीच लिहिलं!"

"मंग लेहलं ते खरं का बोलून राह्यले ते खरं?"

बारा बाया माझ्याकडं बघत होत्या. न्यायालयातसुद्धा इतका सरळ प्रश्न मी ऐकलेला नाही.

"तोंडी नोका सांगू भाऊ," गीताबाईनं निकाल दिला. "छापून आना."

छापून आणायचं म्हणजे दुरुस्ती. आणि दुरुस्ती उद्याच्या अंकात येणार नव्हती. लॉकडाऊनमुळे आमचं पान एक दिवस आधीच तयार व्हायचं. आता टाकलेली ओळ परवा उजाडल्यावर गावात येणार. तोवर गोंडे थांबले असते? मी आकाशाकडं पाहिलं. पश्चिमेला धुळीचा पिवळा पट्टा दिसत होता.

दुपारपर्यंत प्रकरण माझ्या हातातून पार गेलं. साखरखेर्ड्याहून एका वाचकाचा फोन आला, "आमचं वावर चालू हाये ना?" मग मोबाइलवर निरोप फिरला: 'उंद्रीच्या वावरात कोरोना निघाला.' चार वाजता तोच निरोप परत माझ्याकडं आला तेव्हा कांद्याला खोकला झालेला होता! संध्याकाळी गेलो तर कारभारी काट्यांच्या अलीकडं उकिडवा बसून पलीकडच्या पिकाकडं पाहत होता. वाऱ्याची एक झुळूक आली. हजारो गोंडे एकदम हलले, आणि वाळूवर पाऊस पडावा तसा बारीक आवाज आला.

"आयकलं?" तो हळूच म्हणाला. "बी पडून राह्यलं."

माझ्या तीन शब्दांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

घरी सुलभाला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली, पण नंतर. आधी म्हणाली, "आमी उद्या फिराले जातो."

"या वेळी फिरणं सुचतंय तुला? आणि ते बंद आहे!"

"कुठी बंद हाये? तुमी तर वावर बंद केलं. फिरणं बंद झालं असं गावात एकानंबी वाचलं नाही. आमी अकरा जण विळे घेऊन फिराले जातो."

आम्ही काट्यांपाशी जाऊन हे सांगितलं तेव्हा कारभारी उठूनच उभा राहिला. "हे लोकं? मास्तरीनबाई अन् बँकवाले? माह्या गोंड्याईत? यायच्यापायी तर मी छापाले लावलं!"

"मंग काट्या धरून बसा जन्मभर!" पुष्पाबाई कडाडल्या. "बाई, तुमी या. मी विळे घासून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही निघालो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी काही लिहीत नाही. पाच वाजून पन्नास मिनिटांनी काट्या बाजूला झाल्या. अकरा फिरणारे तोंडाला रुमाल बांधून सहा-सहा फुटांवर ओळीनं उभे राहिले, आणि कारभारी त्यांना कवायत शिकवावी तसा शिकवू लागला.

"गोंडा डाव्या हातात. असा, लेकराचं डोकं धरल्यासारखा! वीतभर दांडा ठेवा. झटका नाही द्याचा! पोस्टवाले, तुमी शिक्का मारून राह्यले का? हळू, बे!"

दव पडलेलं होतं, म्हणून बी गळत नव्हतं. अर्ध्या तासात टोपल्या भरून ताडपत्रीवर रिकाम्या होऊ लागल्या. मग वाटेवर आवाज झाला. गीताबाई! मागं बाराही बाया.

"मास्तरीन जाऊन राह्यली अन् आमी घरी बसाव का?" तिनं पदर खोचला. "सरका. तुमच्या हातानं दिवाळी येईन!"

आणि मग मी जे पाहिलं ते मी या आधी कधीच पाहिलं नव्हतं. चोवीस विळे एका लयीत चालत होते. बोलणं नाही, गाणं नाही. फक्त खस्स, खस्स. मुळीच न वाकणारा बँकवाला वाकला होता. ज्या बाईनं मला काल दारात उभं केलं, ती सुलभाचा हात धरून विळा कसा फिरवायचा ते दाखवत होती. कारभारी ज्यांना हाकलायला निघाला होता, त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन धावत होता. मी वही काढली. काय लिहावं ते सुचेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा!

जरा वरून सगळं दिसेल म्हणून मी टेकडी चढलो. माथ्यावर पोचलो आणि उत्तरेकडं मान वळवली.

क्षितिजावर एक निळी रेघ होती. मला वाटलं ढग असेल. पण ढग हलतो. मी घड्याळ लावून चार मिनिटं पाहिलं. ती हलली नाही. मग उजेड वाढला आणि त्या रेघेला खांदे फुटले, घड्या पडल्या, एकामागं एक रांगा उभ्या राहिल्या. सातपुडा! ना धूर, ना धूळ, ना एक गाडी. मधलं अख्खं पूर्णेचं खोरं परातीसारखं पुसून ठेवलेलं. तो तिथंच होता, सव्वीस वर्षं, रोज. आणि मी खाली बसून अंतरं मोजत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती, ते मोजलं नाही.

"ओ पाहुणे!"

खाली बांधावर मोटारसायकल उभी होती. हवालदार चंद्रशेखर, आठवड्यापूर्वीच बदलून आलेले. मी उतरलो. त्यांनी आधी वावराकडं पाहिलं.

"हे काय चालू हाये?"

"शेतीकाम, साहेब," सुलभा विळा दाखवत म्हणाली.

"शेतीकामाले सूट हाये. चालू द्या, अंतर ठेवा." मग ते माझ्याकडं वळले. माझ्या हातात विळा नव्हता, टोपली नव्हती. "तुमी वर काय करून राह्यले?"

"सातपुडा पाहत होतो."

"काम काय?"

"तेच."

मी पत्रकार असल्याचं सांगितलं. ओळखपत्र दुसऱ्या शर्टाच्या खिशात, घरी. चंद्रशेखरांनी कारभाऱ्याला विचारलं, "हे तुमच्या कामावर हायेत का?"

कारभाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. पण माणूस खोटं बोलणारा नाही.

"नाही साहेब. यायनं एक गोंडाबी नाही कापला."

वाक्य अचूक होतं. मी संपादन करतो म्हटलं तरी त्यातला एक शब्द हलवता आला नसता. मी आशेनं सुलभाकडं पाहिलं. तिनं घाईघाईनं मान खाली घातली आणि तिचे खांदे गदगदू लागले.

"मंग हा झाला विनाकारण वावर!" हवालदार म्हणाले.

अख्ख्या उंद्रीत माझ्या बातमीचा बरोबर अर्थ लावणारा एक तरी वाचक मला भेटला! मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. त्यांनी वीस उठाबशा सांगितल्या. त्या टेकडीच्या माथ्यावर, उत्तरेकडं तोंड करून काढू द्या, अशी विनंती मी केली, आणि ती त्यांनी मान्य केली.

बाराव्या उठाबशीपर्यंत सातपुडा अगदी स्पष्ट दिसत होता. पुढच्या आठ उठाबशांबद्दल मी खात्रीनं काही सांगू शकत नाही.