मांदेलीबाईंचे पश्चात मांडवीचे गादीची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, रत्नागिरी शहरी मांडवीचे किनारी, राजश्री भिकाजीराव यांचे घरी मार्जारगादी कैसी रिकामी जाहली, गादीस नवा धनी आणावयास कोणी मसलत केली, त्यात शिकस्त कोणाची जाहली आणि फत्ते कोणी केली, ही हकीकत गल्लीत जो तो आपले मर्जीप्रमाणे सांगतो. कोणी भिकाजीरावांस नसते श्रेय देतो, कोणी त्यांचे सुनेस बोल लावतो. सबब खरे वर्तमान साद्यंत लिहोन ठेवणे प्राप्त जाहले. वाचणारांनी चित्त देवोन वाचावे, आणि वाचतेसमयी पायाशी मांजर निजले असल्यास त्यास धक्का लागणार नाही इतकी खबरदारी घ्यावी.

गादीची मूळ धनीण मांदेलीबाई. अंगकांती पिवळीधमक, आणि लहानपणी तव्यावरली तळती मांदेली पंज्याने उचलोन पळाली, सबब मासळीचेच नाव तीस पडले. पुढे पराक्रम वाढला तैसे किताबही वाढले. मूषकमर्दिनी, दुग्धपात्रविध्वंसिनी, परगृहओटाविजयिनी ऐसी ती बाई. गल्लीतील कुत्रे तिजला पाहोन रस्त्याची बाजू बदलीत. भिकाजीराव आयुष्यभर परदेशी बोटींवर चाकरीस, सालात दोन महिने घरी. एकुलते चिरंजीव निलेशराव शिकोन मुंबईस गेले. मग त्या घरात भिकाजीरावांचे पत्नीस, यमुनाबाईंस, बोलावयास कोण? तर मांदेली. भाजी निवडताना, भांडी लावताना, दूरचित्रवाणीवरली मालिका पाहताना यमुनाबाई तिजशी बोलत आणि ती डोळे मिटोन रुकार देई. भिकाजीराव चाकरी संपवोन कायमचे घरी आले तेव्हा त्यांस कळो आले की घरातली वडिलकी आपली नव्हे, मांजराची आहे. ते शहाणे गृहस्थ, त्यांनी तक्रार केली नाही.

यंदाचे वैशाखात, आंबा उतरावयाचे दिवसांत, मांदेलीबाई ओटीवर उन्हाचे पट्ट्यात निजली ती उठलीच नाही. वय जाहले होते, आजार नव्हता, तरी घरावर आकाश कोसळले. परसात हापूसचे कलमाखाली तिजला ठेविले. यमुनाबाई रडल्या नाहीत, आणि हेच वाईट जाहले. जेवावयास बसल्या की ताटाचे कडेस माशाचे डोके काढोन ठेवीत, मग ध्यानी येई, मग तैशाच उठत. भिकाजीराव मुकाट्याने ते डोके उचलोन कावळ्यास घालीत. घरात बोलणे तेल-मिठापुरते उरले. निलेशरावांची बायको अक्षयाबाई इकडेच जिल्हा कचेरीत चाकरीस असे. तिने एके सायंकाळी भीत भीत नवे पिल्लू आणावयाचा विषय काढिला. त्यावर यमुनाबाईंचे फर्मान सुटले की, या उंबऱ्याचे आत पुन्हा मांजर येणार नाही. जीव लावावा आणि मग आपल्याच हाताने खड्ड्यात ठेवावा, हा धंदा आपल्याच्याने पुन्हा व्हावयाचा नाही. ज्यास हौस असेल त्याने उंबऱ्याबाहेर राहोन करावी.

परंतु घर मुके जाहले हे सासरे-सुनेस सोसवेना. मग दोघांनी परसात, कपडे वाळत घालण्याचे मिषाने, गुप्त खलबत केले. मिरकरवाड्याचे मासळीजेटीवर मालनबाई नामे मासळी विकणारी, घराची जुनी माणूस, तिजकडे जाळ्यांचे ढिगात मांजर व्याले होते. अक्षयाबाईने मोबाइलद्वारे संधान बांधले, आणि करड्या रंगाचे, शेपटीस पांढरे टोक असलेले एक मादी पिल्लू मुक्रर जाहले. मुहूर्त काढण्याचे काम भिकाजीरावांकडे. त्यांनी कालनिर्णयाचे कामी बोटीवरली सारी विद्या लावली, भरती पाहिली, ओहोटी पाहिली, वार पाहिला, आणि शुक्रवार, श्रावण शुद्ध प्रतिपदा, हा दिवस उत्तम ऐसे ठरविले.

येथेच घात जाहला. कारण आदले दिवशी अवस. त्या दिवशी घरात सुरमई तळली गेली, कोळंबीचे कालवण जाहले, बोटे चाटोन जाहली, आणि सायंकाळ होताच यमुनाबाईंनी श्रावणाचा बंदोबस्त आरंभिला. मासळीचा तवा राखेने घासोन माळ्यावर चढविला. कालवणाचा टोप त्याचे मागोमाग. पावसाळ्याची बेगमी म्हणोन भरलेला सुकटीचा डबा गोणपाटात गुंडाळोन, सुतळीने आवळोन, परसातील लाकडांचे खोपटीत नजरकैदेत ठेविला. शीतकपाट लिंबाचे पाण्याने पुसले. आता गणपती होवोन जाईतों या घरात मासळीचे नाव नाही. हा शिरस्ता भिकाजीराव लग्नापासोन पाळीत आले, तरी जेटीवर जन्मलेल्या पिल्लास आपण बरोबर याच दिवशी घरी आणीत आहो हे त्यांचे टाळक्यात शिरले नाही. सुनेचेही नाही. कोकणात श्रावण माणसास लागतो. मांजराचा विचार पंचांगकर्त्याने केलेला नाही.

शुक्रवारी प्रातःकाळी अक्षयाबाईने रजा टाकिली आणि दुचाकीवर कूच केले. मागे भिकाजीराव, त्यांचे मांडीवर हापूसची रिकामी पेटी, पुठ्ठ्याची, वाऱ्यास आयती भोके असलेली, आत जुने मऊ धोतर. मिरकरवाड्यास मालनबाईने पिल्लू पेटीत घातले, डोकीवरून हात फिरविला आणि बजाविले की, चार दिवसांत न रुळल्यास आपण माघारी नेऊ. मग पाऊस, खड्डे, वाटेत उभ्या ठाकलेल्या म्हशी, ऐशी संकटे तुडवीत स्वारी मांडवीस आली. वाटेत पिल्लू एकदाच बोलिले, परंतु ते इतक्या मोठ्याने की पुढील रिक्षावाला मागे वळोन पाहो लागला.

यमुनाबाई तेसमयी देवघराचे भिंतीस जिवतीचा कागद चिकटवीत होत्या. जिवती म्हणजे लेकराबाळांची राखणदारीण. श्रावणातले शुक्रवारी आयांनी तिजला पुजावे, पोरांस ओवाळावे, आणि पोर परगावी असेल तर त्याचे नावाने चहूदिशांस अक्षता टाकाव्या, ऐसी चाल. त्यांनी पेटी पाहिली आणि हात कमरेवर ठेविले.

"आंबे संपून महिना झाला. ह्या पेटीत काय आणलात?"

भिकाजीरावांनी उत्तर जुळवावे, तों पेटीनेच उत्तर दिले.

यमुनाबाईंचा चेहरा पाहोन अक्षयाबाईस आपली रजा फुकट गेली ऐसे वाटले. पिल्लू मालनबाईकडले हे कळताच फर्मान निघाले की, पाऊस आहे म्हणोन आजचा दिवस. उद्या मालनीस बोलावोन हे बिऱ्हाड परत करावे. आणि तोवर कोणी त्यास नाव ठेवू नये. पिल्लाने या वाटाघाटीत संधी साधली, पेटीबाहेर उडी टाकिली आणि देवघराशेजारचे कपाटाखाली शिरोन किल्ला धरिला.

मग वेढा पडला. प्रथम वाटीत कोमट दूध गेले. पिल्लाने नाक लाविले आणि पाठ फिरविली. मग दूधभात गेला, त्याचीही तीच गत. मग अक्षयाबाईने बाजारातून मांजरांचे खाद्याची पुडी आणिली, तीवर हसऱ्या मांजराचे चित्र. आतले मांजर मात्र हसले नाही. मग भिकाजीरावांनी नैवेद्याचे पुरणाचे दिंड तुपात बुडवोन पुढे केले, ते मुंग्यांनी खाल्ले. दोन प्रहर टळली, आणि जे पिल्लू सकाळी रिक्षावाल्यास मागे वळावयास लावीत होते त्याचा आवाज चरख्याचे कुरकुरीइतका बारीक जाहला. अक्षयाबाईने घाबरोन मालनबाईस फोन लाविला.

पलीकडोन मालनबाई कडाडली, "दूध कसला देतंव तिला? दात आल्यापासून म्हावऱ्यावर वाढलीय ती! दूध काय असतां ता तिला ठावं पन नाय!"

तेव्हा उभयतांचे डोळे उघडले. भिकाजीरावांनी परसाकडे पाहिले, खोपटीकडे पाहिले, आणि वीरश्री अंगात येवोन, छत्री घेवोन निघाले. खोपटीत शिरोन त्यांनी सुतळी सोडिली, डबा उघडिला, सुकटीची मूठ सदऱ्याचे खिशात कोंबली, पुन्हा सुतळी आवळिली, येथवर मोहीम निर्धास्त पार पडली. परंतु सुकट ही वस्तू खिशात मावते, तिचा वास मावत नाही. मागले दारी यमुनाबाई उभ्याच होत्या.

"खिशात काय आहे?"

"काही नाही गो. रुमाल."

"रुमालाला वास सुकटीचा? देवापुढं जिवती मांडलीय ती दिसत नाही का तुम्हाला?"

यापरी भिकाजीरावांची पुरती शिकस्त जाहली. खिसा परसात रिता करावा लागला, सदरा भिजत घालावा लागला, आणि खाशांस भर पावसात न्हाणीघरी दुसरे स्नान घडले. ओले केस पुसत ते ओटीवर येवोन बसले.

सांजेस पूजा मांडली. निरांजन लागले, दूधसाखरेचा आणि दिंडांचा नैवेद्य ठेविला, कागदावरली जिवती मांडीवर एक पोर आणि भोवती चार पोरे घेवोन बसली होती. अक्षयाबाईने मुंबईस चित्रफोन लाविला आणि निलेशरावांचे मुख पडद्यावर आले. यमुनाबाईंनी पडदा ओवाळिला खरा, परंतु आशीर्वाद यंत्रातोन पोचतो की नाही याचा त्यांस इतबार नसे, म्हणोन त्यांनी मुठीत अक्षता घेतल्या आणि निलेशाचे नाव घेवोन चहूदिशांस टाकू लागल्या. पूर्वेस टाकिल्या, दक्षिणेस टाकिल्या, पश्चिमेस समुद्राकडे टाकिल्या, मग मुंबई उत्तरेस, तिकडे अंमळ जोराने टाकिल्या. उत्तरेस कपाट होते. कुंकवाचे तांबडे दाणे फरशीवरोन टणटण उड्या मारीत कपाटाखाली गेले.

तों आतून एक करडा पंजा बाहेर आला आणि एका दाण्यावर पडला. मग दुसरा पंजा. मग अख्खे पिल्लू बाहेर येवोन, शेपूट उभारोन, अक्षतांवर धावोन गेले, एक दाणा तोंडात धरिला, चावोन पाहिला, आणि कुंकवाने शिंकले. फोनातले निलेशराव हसले.

यमुनाबाईंनी ते पिल्लू प्रथमच उजेडात पाहिले. फासळ्या मोजाव्या ऐशा, पोट पाठीस लागलेले, आणि तरी तांदळाशी खेळते आहे. मांजराची भीती त्यांस नव्हती. भीती होती ती पुन्हा रिकाम्या घरात एकटे बोलत बसण्याची. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, नवऱ्यासही नाही. मग त्यांनी कागदावरले जिवतीकडे पाहिले, तिचे भोवतालचे पोरांकडे पाहिले, आणि इतके दिवस दाबोन ठेविलेले रडे एकदम फुटले. पदर डोळ्यांस लावोन बाई देवापुढे हमसोन रडल्या, आणि रडता रडताच उठोन पदर कमरेस खोचला.

"जिवतीपुढं बसून पोरांना राख म्हणायचं, नि दारात आलेलं पोर उपाशी ठेवायचं? मला नाही जमायचं. अहो, बसलात काय? आणा तो डबा!"

भिकाजीराव दुखरे गुडघे विसरोन उठले.

"आणि घरात नाही हां! मागल्या पडवीत. तवाही माळ्यावरचा नको, खापरी घ्या."

मग पडवीत तीन दगड मांडिले, चूल पेटविली, फुटक्या माठाची खापरी तीवर ठेविली, आणि श्रावण शुद्ध प्रतिपदेस, ऐन शुक्रवारी, यमुनाबाईंनी स्वहस्ते सुकट भाजली. धूर उठला आणि वास गल्लीचे या टोकापासोन त्या टोकापर्यंत दौडत गेला. ज्यांनी कालच मासळी सोडिली होती ऐशा सकळ घरांत नाके वर जाहली. शेजारचे आत्मारामभाऊ कुंपणापाशी धावोन आले. त्यांचे डोळ्यांत राग होता की आशा, हे समजणे कठीण.

"वहिनी, श्रावण सुटला की काय ओ?"

"माणसांना लागलाय तो लागलाय! मांजराला कसला आलाय श्रावण? जावा, वरणभात खावा!"

आत्मारामभाऊ वरणभाताकडे परतले. यमुनाबाईंनी सुकट निववोन, बोटांनी चुरोन, मऊ भातात कालविली आणि बशी पडवीत ठेविली. पिल्लू वासावरोन बाणासारखे आले, बशीत तोंड घालोन गुरगुरत जेवले, बशी पुसली, चाटली, आणि खालून काही निघते की काय म्हणोन उलथोन पाहिली. मग यमुनाबाईंचे मांडीवर चढले, दोन गिरक्या घेतल्या आणि निजले. बाईंचे हातास सुकटीचा वास, आता स्नान केल्यावाचोन देवघरात जाणे नाही, तरी त्या उठल्या नाहीत. अक्षयाबाईने निरांजन पडवीत आणोन दिले आणि यमुनाबाईंनी बसल्याजागीच पिल्लास ओवाळिले.

दुसरे दिवशी, हुकुमाप्रमाणे, मालनबाई पिल्लू न्यावयास आली. यमुनाबाई ओटीवर शेंगा सोलीत होत्या आणि पायाशी शेंगांची साले शत्रूपक्ष समजोन मारिली जात होती. मालनबाईने हात पुढे करिताच त्यांनी तो वरचेवर अडविला.

"कोणाला नेतेस गो? जिवती आमची आहे. तू बस, चहा घे."

आणि मग मालनबाई चहा घेई तों यमुनाबाई बोलत राहिल्या. पिल्लाशी बोलल्या, मालनीशी बोलल्या, आतल्या भिकाजीरावांस ओरडोन बोलल्या की, सदरा वाळला काय तो पाहा. भिकाजीराव आत दोरीखाली ओला सदरा धरोन उभे होते, आणि आपणांस कोणी ओरडते आहे हे ऐकोन त्यांस इतके बरे वाटले की ते उत्तर द्यावयाचे विसरले.

येणेप्रमाणे मांडवीची गादी भरली. किल्ला कपाटाचा, शस्त्र अक्षतांचे, रसद सुकटीची, फत्ते खासा यमुनाबाईंची. भिकाजीरावांचे नावे एक स्नान जमा. पिल्लाचे नाव जिवती कायम जाहले, आणि तीस सारा श्रावण पडवीत खापरीवरची सुकट चालू राहील ऐसा करार मुक्रर जाहला. आणि घरात पहाटेपासोन बोलणे चालू आहे, ते हे लिहीतोंपर्यंत थांबलेले नाही, हे सत्य जाणावे.