दारातली चप्पल

चौगुले आक्का आणि त्यांची चप्पल या दोन गोष्टी शाळेत एका ठिकाणी क्वचितच सापडत. आक्का स्टाफरूममध्ये चहा पीत असायच्या आणि चप्पल भलत्याच वर्गाच्या दाराशी. आक्का कन्नड शिकवायच्या. वय रिटायर व्हायला आलेलं, अंगानं काटकुळ्या, पण पायात मात्र निपाणीहून करून आणलेली पुरुषी, जाडजूड, कर्रकर्र वाजणारी चप्पल. ती वाजत आली की अख्खी शाळा सावध व्हायची. वाजायची थांबली की जास्तच, कारण मग आक्का नेमक्या कुठं आहेत ते देवालाही सांगता आलं नसतं.

मी बोरगावची. बेळगावच्या खासबागेतल्या या मराठी हायस्कुलात गणिताची टीचर म्हणून लागले, तीही फक्त मार्चपर्यंत. "वर्ग सांभाळलात तर पुढच्या वर्षाचं बघू," असं म्हणून हेडमास्तरांनी माझ्या हातात नववी ब दिली. या वर्गाच्या आधीच्या बाई गणपतीला म्हणून गावी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी दिवाळीला नोकरीलाच रामराम ठोकला. मला ती सोय नव्हती. पोरीला बेळगावात नोकरी लागली म्हणून आप्पांनी गावभर पेढे वाटले होते.

नववी ब म्हणजे बहुतेक विणकरांची मुलं. घरात दिवसभर यंत्रमागाची खडखड, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. शेजारच्याकडे पेन्सिल मागायची तरी गल्लीपलीकडे हाक मारल्यासारखी मागायची.

पहिल्याच दिवशी आक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"खाल्लीस काय गं?"

"हो. पोहे."

"पोह्यावर नववी ब? भाकरी खात जा. आणि एक ध्यानात ठेव, मार्चपतोर टिकायचं. मग काय रडायचं ते रडायचं."

'मार्चपतोर टिकायचं' हे आक्कांचं सर्व रोगांवरचं औषध होतं. कुणाला ताप येवो, कुणाचा सासूशी खटका उडो, आक्का तेच सांगायच्या.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात शिरले आणि दाराबाहेर ती चप्पल दिसली. दारात चप्पल म्हणजे माणूस आतबाहेर कुठंतरी आहेच, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आक्का भिंतीआड उभ्या राहून माझा तास ऐकताहेत! माझ्या हातातला खडू मोडला. सात आठे चौपन्न लिहून मोकळी झाले. नवल म्हणजे वर्ग चिडीचूप होता.

मग ते रोजचंच झालं. आक्का हेडमास्तरांचे कान आहेत, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी कुजबुजलं आणि माझी झोपच उडाली. एकदा शिपाई मारुतीनं ती चप्पल उचलून आदबीनं त्यांच्यापुढं आणून ठेवली, तर आक्का कडाडल्या, "कुणी सांगितलं रं तुला? व्हती तिथं ठेव जा!" माझा संशय पक्का झाला.

"आक्का, अनवाणी का हो हिंडता?" मी धीर करून विचारलं.

"पाय थंड ऱ्हातात," त्या म्हणाल्या. थंडीचे दिवस होते.

जानेवारीत आक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. मला हलकं हलकं वाटलं. नवी साडी नेसून, बिनघोर वर्गात गेले. फळ्याकडं वळले न वळले तोच मागं सगळे माग एकदम सुरू झाले. मी ओरडले, टेबल बडवलं, शेवटी घसा बसला. वर बघते तर दारात हेडमास्तर. "मार्च लांब नाही, टीचर," एवढंच म्हणून ते गेले.

पुढच्या बाकावरच्या सुजाताला माझी दया आली असावी. "टीचर, आक्का रजेवर हाईत न्हवं?" ती म्हणाली. "चप्पल न्हाय बाहेर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आक्का भिंतीआड कधी नव्हत्याच. माझ्या तासाला त्या अनवाणी दुसरीकडं असायच्या आणि त्यांची चप्पल माझा वर्ग सांभाळायची.

दुसऱ्या दिवशी मी माझीच चप्पल दाराबाहेर काढून ठेवली. सगळा वर्ग माना वाकवून बघायला लागला.

"टीचर, ह्या बारक्या चपलीला कोण भितंय?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग फिस्सकन हसला. आणि या शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच मलाही हसू फुटलं.

"भीत न्हाईस न्हवं? मग ये की फळ्याकडं, गणित सोडीव," मी थेट बोरगावच्या बोलीत म्हणाले. तो आला. चुकला, पण आला. वर्ग शांत झाला असं मी म्हणणार नाही. माग चालूच राहिले, पण आता थोडंफार कापड निघायला लागलं.

मार्चअखेर हेडमास्तर म्हणाले, "जूनला या." मी भर दुपारी आक्कांच्या घरी धावले. त्यांच्या दारात चपलांची रांग होती. मोठी पुरुषी चप्पल, पोराचे शाळेचे बूट, एक लेडीज सँडल. मी उंबऱ्यातच थांबले.

"पाहुणे आलेत काय, आक्का? नंतर येते."

"कुठलं पाहुणं? ये आत."

आत एक कॉट होती आणि मोरीशी पालथं घातलेलं एकच ताट.

"ती चप्पल ह्यांची," आक्का म्हणाल्या. "दोन जोड व्हते. एक दारात, एक माझ्या पायात. बूट माझ्या पोराचं, दत्तूचं, तो आता पुण्याला असतो. सँडल लेकीची. दारात चप्पल असली की घर भरल्यागत वाटतंय गं. येणारं-जाणारं बी जरा दबून ऱ्हातंय."

मी जूनचं सांगितलं.

"टिकलीस की!" त्या म्हणाल्या. "आता रड." आणि स्वतःच डोळ्याला पदर लावला. ऑपरेशनचा डोळा, पाणी येतंय, म्हणाल्या. जूनला त्या शाळेत नसणार होत्या.

चहा पिऊन मी निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा मागून हाक आली, "अगं ए पोरी, चप्पल ऱ्हायली की तुझी!"

रस्ता तापला होता, तळपाय भाजत होते.

"असू दे, आक्का," मी नववी बच्या आवाजात ओरडून सांगितलं. "उद्या येते न्यायला."