कचरापेटी हटवल्यानंतरचा कोबी

कार्यालयाची थोरवी त्याने काय काय फेकले नाही यावरून ठरते, हे सत्य वजनमापे तपासणी कार्यालयाच्या मोठ्या साहेबांना एका परिसंवादात समजले. (परिसंवादातले जेवण पाच झाकणांच्या डब्यातून आले होते. चमचा वेगळ्या पिशवीत होता आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत होती.) परत येताच साहेबांनी परिपत्रक काढले: जेवणाच्या डब्यांमुळे होणारा कचरा यापुढे बंद. उपाय सरळ होता. कचरा नेहमी कचरापेटीत सापडतो. सबब कचरापेट्या उचलाव्यात.

मोजमापाचे काम अर्थातच काटेकोर यांच्याकडे आले. हे त्यांचे खरे नाव नव्हे. मुलगी झाली तेव्हा त्यांनी आधी दवाखान्याचा काटा तपासला आणि मग मुलीचे तोंड पाहिले, त्या दिवसापासून ते नाव चिकटले. पेट्या होत्या तेव्हा दुपारचा कचरा साडेअकरा किलो भरे. पेट्या उचलल्या त्या दिवशी तो शून्य भरला. काटेकोरांनी काटा पुन्हा तपासला. शून्यच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेब वाजवत होते म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या वाजवताना काटेकोर मात्र आपल्या डब्याकडे पाहत होते. त्यांच्या डब्यात कोबी होता.

लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा डबा नेला, तेव्हा संध्याकाळी बायकोने विचारले होते, "कोबी कसा झाला होता?" नवरेपणाचा अनुभव नसल्याने ते म्हणाले, "छान." तेव्हापासून आठवड्यातून दोनदा कोबी येई आणि थेट कार्यालयाच्या पेटीत जाई. एरवी चिमूटभर वजन चुकले तरी दुकानाला टाळे ठोकणारा हा माणूस घरी रिकामा डबा दाखवून समाधानाने ढेकर देई. कुटुंबव्यवस्था अशा पेट्यांवर उभी असते. परिपत्रक काढताना हा मुद्दा विचारात घेतलेला नव्हता.

त्या संध्याकाळी भरला डबा घेऊन ते घरी निघाले. वाटेत एका कुत्र्यापुढे त्यांनी झाकण उघडून पाहिले. कुत्र्याने वास घेतला आणि तो त्यांच्याकडे पाठ करून बसला.

"डबा तसाच?" बायकोने विचारले.

"भूक नव्हती."

बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, तोंडात तापमापक दिला आणि पोटाला हलके म्हणून रात्री पुन्हा कोबीच केला. या वेळी उकडून.

असे घरोघरी झाले. रोखपालांच्या आईने परत आलेला डबा पाहून डॉक्टरांना बोलावले. (डब्यात उकडलेली अंडी होती. ती पाहिली की रोखपालांना लहानपणापासून उचकी लागे.) टंकलेखिकेच्या सासूबाईंनी बोलणे टाकले. पहिल्याच आठवड्यात साठ टक्के कर्मचारी घरच्यांच्या मते आजारी होते, आणि उरलेले चाळीस टक्के घरच्यांच्या मते बाहेर कुणाकडे तरी जेवत होते.

मग एका दुपारी रोखपाल काटेकोरांच्या डब्यात डोकावले. "कोबी आहे का तो?"

"आहे."

"मग खात का नाही?"

"तुम्ही अंडी का खात नाही?"

दोघांनी एकमेकांच्या डब्यात पाहिले. नंतर डबे टेबलावरून सरकले. रोखपाल डोळे मिटून जेवले.

पाहता पाहता जेवणाच्या खोलीत बाजार भरू लागला. काटेकोर सरकारी शिक्क्याची पितळी वजने घेऊन बसत. एका अंड्याला दोन मूठ कोबी, तेल वजा करून. भोपळ्याला गिऱ्हाईक नव्हते. तो गाजराबरोबर गळ्यात मारला जाई. माणसे पोटभर जेवू लागली, रिकामे डबे घरी जाऊ लागले आणि घरोघरी आनंद पसरला. नवऱ्याची भूक परतली म्हणून काटेकोरांच्या बायकोने कोबी आठवड्यातून तीनदा केला.

या यशाने भारावून काटेकोरांच्या मुलीच्या शाळेनेही पेट्या उचलल्या, आणि साहेबांनी सहकुटुंब सत्कार ठेवला. प्रत्येक घराने कर्मचाऱ्याचा सर्वांत आवडता पदार्थ आणायचा आणि कर्मचाऱ्याने तो सर्वांसमक्ष संपवायचा, असे ठरले.

काटेकोरांच्या बायकोने पातेलेभर कोबी आणला. काटेकोरांनी पहिला घास तोंडात घातला. तो तिथेच राहिला. ते दृश्य रोखपालांना पाहवेना. त्यांनी आपली ताटली पुढे केली. "वहिनी, थोडा मला."

"तू कोबी कधीपासून खायला लागलास?" त्यांच्या आईने विचारले.

रोखपालांचे तोंड भरलेले होते, म्हणून काटेकोरांच्या मुलीने उत्तर दिले. "बाबांचा डबा हेच काका खातात. बाबा त्यांना फोनवर सांगतात, उद्या कोबी आहे म्हणून. आमच्या शाळेतपण तसंच आहे. माझा कोबी माझी मैत्रीण खाते."

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "तुम्हाला आवडत नाही?"

काटेकोरांनी घास कसाबसा गिळला. खोट्या वजनांसह पकडलेले दुकानदार कसे उभे राहतात, हे त्यांना आता आतून कळत होते. "नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तिने डाव खाली ठेवला. "मला चिरतानाच मळमळतं. इतकी वर्षं नाकाला रुमाल बांधून करतेय मी. तुम्ही छान म्हणालात म्हणून."

आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, मग काटेकोर हसत तिच्या शेजारी बसले. रोखपालांची आई म्हणाली, आपल्याला स्वयंपाकाचाच कंटाळा आहे, अंडी आपोआप उकडतात म्हणून अंडी. तासाभरात सभागृहात सतरा पदार्थांविषयी सत्य बाहेर पडले. एका सासूबाईंनी सुनेला मिठी मारली. दुसऱ्या एकींनी मारली नाही.

त्यानंतर लोक खातील ते आणू लागले आणि आणले ते खाऊ लागले. साहेबांनी अहवालात याचे श्रेय पेट्या उचलण्याला दिले. स्वतः साहेबांनी सत्कारात बायकोच्या हातचे दुधीचे सूप तीनदा मागून घेतले होते आणि डोळ्यांत पाणी आणून वाखाणले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत एक कचरापेटी आली. (तुलनात्मक अभ्यासासाठी.) ती रोज पाऊण किलो भरते. काटेकोर ती तोलतात आणि नोंद 'तुलनात्मक' या रकान्यात करतात.

हे वाचताना तुम्हाला तुमच्या घरचा एक पदार्थ आठवला. तो आवडत नाही हे घरी सांगितलेले नसेल, तर साहेबांची खोली दुपारी उघडी असते. रांग मात्र जिन्याखालपर्यंत आहे. ढकलाढकली करू नये, पुढे उभी असलेली व्यक्ती तुमच्याच घरची असू शकते.